पद्मिनी, अँबॅसिडर आणि टॅक्सीवाल्याचे उपकार

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्याआधी मध्यमवर्गीय मराठी घरात मोटार घ्यायचं ठरलं, की पुढचा प्रश्न एकच असायचा: फियाट की अँबॅसिडर? मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड होती, पण तिच्या वाटेला जाणारे थोडे. १९५३मध्ये टॅरिफ कमिशनने सरकारला सांगितलं, की परदेशातून खोकी आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना इथे जागा नको; सुटे भागही इथेच बनवायची तयारी असेल त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी लवकरच गाशा गुंडाळला. मागे राहिल्या त्यात वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये काढलेली कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि बिर्लांची, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स. एकीने इटलीची फियाट ११०० घेतली, दुसरीने इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. पुढची तीस वर्षं रांग गिऱ्हाइकांची आणि तोरा कंपन्यांचा.

बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरच्या बाजूला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये या दोन्ही गाड्या आजही शेजारी शेजारी लागतात. एक १९७४ची, म्हणजे फियाटचं नाव बदलून प्रीमियर पद्मिनी झालं त्याच वर्षीची. दुसरी १९७७ची अँबॅसिडर मार्क थ्री. पद्मिनीचे मालक आबा. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची नोकरी झाली. अँबॅसिडर त्यांच्या दाजींची. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आबांची थोरली बहीण दाजींना दिलेली असल्यामुळे वादाला नात्याची धार आहे आणि मर्यादाही. दोघांना एकत्र बसवून दोनच प्रश्न विचारले: पळायला कोणती बरी आणि सांभाळायला कोणती सोपी? ताईंनी मध्ये मध्ये टाकलेली वाक्यं दोघांच्याही विनंतीवरून गाळली आहेत.

पळायला कोणती?

आबा : आधी आकडे मांडतो, म्हणजे पुढे भांडायला सोपं. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद ४० हॉर्सपॉवर, गाडीचं वजन ९०० किलोच्या आत. दाजींचं इंजिन १४८९ सीसीचं, ताकद ५०च्या आसपास, वजन ११०० किलोच्या वर.

दाजी : म्हणजे टनामागे ताकद दोघींची सारखीच निघाली. झाला निकाल.

आबा : कागदावर झाला. रस्त्यावर फरक पडतो तो सिलिंडरच्या मापाचा. माझा बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. तुमचा बोअर ७३ आणि स्ट्रोक जवळपास ८९. तुमच्या पिस्टनला दर फेऱ्याला जास्त वर-खाली करावं लागतं, म्हणून ते इंजिन फिरायला जड. माझं ४८०० आरपीएमपर्यंत हौसेने फिरतं. स्वारगेटचा सिग्नल सुटला, की सातारा रस्त्यावर मी पुढे आणि तुम्ही माझ्या आरशात.

दाजी : बिबवेवाडीत राहणाऱ्याने सपाटीच्या गोष्टी सांगू नयेत. इथे घरी यायचं म्हणजे चढ आलाच. तोच लांब स्ट्रोक मला कमी आरपीएमला जोर देतो. मार्केट यार्डातून दिवाळीचं सामान भरून, पाच माणसं बसवून गंगाधामचा चढ मी तिसऱ्या गिअरमध्ये काढतो. तू तिथे दुसरा टाकतोस, आणि समोर रिक्षा आडवी आली की पहिल्याची वेळ येते. पहिल्याला सिंक्रो नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय तो पडत नाही, आणि थांबलास की मागचा हॉर्न बडवतो.

आबा : सिंक्रो तुमच्याही पहिल्याला नाही.

दाजी : मला तो लागतच नाही ना! माझी गाडी दुसऱ्यावर रांगते. पहिला फक्त जागेवरून उठताना.

आबा : बरं, रुंदीचं बोला. पद्मिनी १.४६ मीटर रुंद, तुमची १.६६. वीस सेंटिमीटर ऐकायला काहीच नाहीत. पण आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंनी दुचाक्या लागलेल्या असतात, तेव्हा मी सरळ निघून जातो आणि तुम्ही ताईला खाली उतरवून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायला लावता.

दाजी : ती आनंदाने उतरते. आणि त्या वीस सेंटिमीटरमध्ये काय मिळतं तेही सांग. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं मांडीला मांडी न लावता बसतात. आमचे वडील डोक्यावरची टोपी न काढता बसायचे. १९९८मध्ये टाटांनी पिंपरीच्या कारखान्यातून इंडिका काढली, तेव्हाही ‘आत अँबॅसिडरइतकी ऐसपैस’ असंच सांगत होते. चाळीस वर्षांनी पुण्यात नवी गाडी निघाली, तरी मोजायची पट्टी माझ्याच गाडीची.

आबा : बसायला ऐसपैस, हे मान्य. चालवणाऱ्याला काय? ऐन वळणावर ती गाडी झुकते, आणि मागे बसलेले तिघे एकाच्या अंगावर.

दाजी : झुकते, पण रस्ता सोडत नाही. आणि स्टिअरिंगच्या बाबतीत तू बोलूच नकोस. माझ्याकडे रॅक अँड पिनियन आहे, तेही मॉरिसच्या काळापासून; आजच्या गाड्यांत तेच असतं. तुझं वर्मचं स्टिअरिंग. मध्यभागी चाक इकडून तिकडे फिरवलं तरी गाडीला दोन क्षण पत्ता नसतो.

आबा : बॉक्स ॲडजस्ट केला की प्ले जातो. पण हो, तुमचं स्टिअरिंग हाताला जास्त सच्चं आहे. एवढं लिहून घ्या. पुन्हा म्हणणार नाही.

घाटात

दाजी : आता कात्रजला चल. जुना घाट, एप्रिल महिना, दुपारची वेळ. आमच्या खात्याच्या गाडीतून साताऱ्याकडे जाताना बोगद्याच्या अलीकडे बोनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली, की लांबूनच सांगायचो: फियाट.

आबा : आणि तिच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं. नाकारत नाही. पण कारण समजून घ्या. पंप इंजिनला चिकटलेला असतो. चढावर हळू चालताना वारा लागत नाही, पंप तापतो आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढू शकत नाही, मग कार्बोरेटर उपाशी. फडकं ओलं करून ठेवलं की पाच-दहा मिनिटांत वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी सुरू. याला बिघाड म्हणत नाहीत.

दाजी : पाच-दहा मिनिटं उन्हात उभं राहणाऱ्या बायकोला हे समजावून सांग.

आबा : दाजी, दादर-पुणे टॅक्सी आठवतात? चार सीट आणि डोक्यावर कॅरिअरला बांधलेलं सामान घेऊन फियाटच बोरघाट चढायच्या. वर्षानुवर्षं. त्या ड्रायव्हरांना युक्ती ठाऊक होती: खंडाळ्याच्या चढावर गिअर वेळेवर खाली टाकायचा, इंजिनला घुसमटू द्यायचं नाही, आणि तापमानाचा काटा बघत चालवायचं. पद्मिनी चालवणाऱ्याचं लक्ष मागते. लक्ष दिलं तर दगा देत नाही.

दाजी : हाच आपला फरक. अँबॅसिडर लक्ष मागत नाही. सरकारी गाडीच्या ड्रायव्हरला कोणी काटा बघायला शिकवलेलं नसतं. पानशेतच्या कच्च्या रस्त्याने, खडीतून, पावसात, मागे साहेब आणि डिकीत नकाशांच्या गुंडाळ्या. ती गाडी जात राहायची. उगाच नाही मंत्र्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांनी पन्नास वर्षं तीच वापरली. लाल दिव्याची गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर फियाट येते का कोणाच्या?

आबा : लाल दिव्याच्या गाडीचं पेट्रोल सरकार भरत होतं, म्हणून. माझी हायवेला लिटरमागे तेरा-चौदा देते. तुमची?

दाजी : नऊ-दहा. पुढचा प्रश्न घे.

आबा : उताराचंही सांगून टाकू. दोघींना चारही चाकांना ड्रम ब्रेक. जोरदार पावसात ड्रममध्ये पाणी गेलं, की पहिल्या दाबाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याला गाडी एका बाजूला ओढते. नव्या गाडीची सवय असलेला पोरगा थेट कात्रजच्या उतारावर नेला तर रडेल. उतरताना ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, हे दोघींनाही लागू.

दाजी : इथे मतभेद नाही. लिहून घ्या, हे दुर्मीळ आहे.

सांभाळायला कोणती?

आबा : सांभाळायचं म्हणजे काय, यावरच आमचं जमत नाही. माझ्याकडे वही आहे. दर महिन्याला पॉइंट, प्लग, टॅपेट, पंख्याचा पट्टा, बॅटरीचं पाणी. पॉइंटचा गॅप फीलर गेजने. दाजी तोच गॅप कशाने लावतात, विचारा.

दाजी : व्हिजिटिंग कार्डाने. आमच्या खात्यातला ड्रायव्हर तसाच लावायचा. कार्ड पॉइंटमध्ये सरकवायचं, थोडं घट्ट वाटलं पाहिजे, मग स्क्रू आवळायचा. गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. अजून काय हवं?

आबा : तुमच्या इंजिनाला ते चालतं, कारण ते सगळं बिडाचं आहे. ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं. तापलं, निवलं, पुन्हा तापलं, काही वाटत नाही त्याला. माझा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. दोन धातू तापल्यावर वेगवेगळे फुगतात. एकदा जरी पाणी संपून गाडी उकळली, तरी हेड वाकतं, गॅस्केट उडतं, मग हेड उतरवून फेसिंग करून आणा. म्हणून मी रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर येतो, तेही पाणी नाही. नळ्यांमध्ये क्षार धरतो, रेडिएटर आतून बुजतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बस.

दाजी : माझ्या रेडिएटरने बंधाऱ्याचं, विहिरीचं, हॉटेलातल्या जगातलंसुद्धा पाणी प्यायलंय. पण सगळं अलबेल आहे असं मी म्हणत नाही. अँबॅसिडरचं दुखणं इंजिनात कमी, खाली जास्त. पुढच्या सस्पेन्शनला ग्रीसचे निपल आहेत. दर हजार-दीड हजार किलोमीटरला गन घेऊन गाडीखाली शिरावं लागतं. ते चुकलं, की पिना-बुश खातात आणि टायर आतल्या बाजूने घासतो. शिवाय पुढे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळवटणारी लांब सळई. वर्षानुवर्षं ड्रायव्हरच्या बाजूला वजन पडून गाडी एका अंगाला बसते. मग बार खोलून दाता बदलून लावायचा. ते काम येणारे मेस्त्री पुण्यात आता शोधावे लागतात.

आबा : आणि तेल?

दाजी : तेल गळतं. इंजिनाच्या मागच्या टोकाला या डिझाइनमध्ये रबरी सील नाहीच. शाफ्टवर आटे कापलेले आहेत. शाफ्ट फिरताना त्यांनी तेल आत ढकलायचं, अशी कल्पना. गाडी उभी असली की आटे फिरत नाहीत आणि फरशीवर रुपयाएवढा डाग पडतो. सोसायटीच्या चेअरमननी मला दोनदा पत्र दिलंय.

आबा : त्यांनी मला नाही दिलं.

दाजी : तू गाडीखाली पुठ्ठा ठेवतोस, म्हणून.

आबा : दोघींचं एक दुखणं मात्र सारखं आहे: हँडगिअर. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअरचा खटका, तिथून सळया आणि सांधे खाली गिअरबॉक्सपर्यंत. प्रत्येक सांध्यात छोटा बुश. बुश झिजले की खटका हवेत फिरतो, आणि एखाद्या दिवशी भर चौकात गाडी दोन गिअरच्या मध्ये अडकते. पुढेही नाही, मागेही नाही. मग ड्रायव्हर उतरतो, बोनेट उघडतो, स्टिअरिंगच्या दांड्याखालचे दोन लीव्हर दिसतात, ते हाताने समोरासमोर आणतो. खट्ट आवाज आला की बोनेट लावायचं आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने निघायचं. पुष्पा मंगल कार्यालयाच्या चौकात वरात खोळंबवलेली आहे मी.

दाजी : गंज राहिला. पत्रा माझा जाड आहे, पण गंजाला जाडी कळत नाही. दाराखालची पट्टी, डिकीतली स्टेपनीची जागा आणि पायाखालचं मॅटिंग, या तीन ठिकाणी पावसाळ्यानंतर हात घालून बघायचं. दाराच्या तळाला पाणी जायला भोकं असतात. ती मातीने बुजली की दार आतून सडतं.

आबा : आणि प्लास्टिकचं कव्हर घालू नका. लोकांना वाटतं गाडी झाकली म्हणजे वाचली. आत दमटपणा कोंडतो आणि कव्हरखाली रंग फुगतो. सुती कव्हर, नाहीतर उघडी बरी.

पेट्रोल बदललं, गाडी तीच

दाजी : १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. हवेसाठी चांगलंच झालं. पण माझ्या इंजिनाला शिसं लागत होतं. बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची बैठक थेट त्याच धातूत कापलेली असते. शिशाचा पातळ थर त्या बैठकीला उशीसारखा असायचा. तो गेल्यावर हायवेला सलग पळवली की व्हॉल्व्ह हळूहळू बैठकीत रुततो, टॅपेटचा गॅप संपतो, कॉम्प्रेशन जातं. शेवटी हेड उतरवून कडक धातूच्या सीट बसवून घेतल्या.

आबा : माझ्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वेगळ्या सीट मुळातच बसवलेल्या आहेत, कारण ॲल्युमिनियमवर व्हॉल्व्ह आपटून चालणारच नाही. जे हेड मघाशी माझ्याच बोलण्यात नाजूक ठरलं होतं, ते इथे शहाणं निघालं.

दाजी : आता मात्र दोघंही सारखेच अडकलो. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल.

आबा : इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पंपाचा पडदा ताठरतो, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी, त्यातून गंज, तो गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये. मी सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घातल्या, टाकीच्या वाटेवर पारदर्शक फिल्टर बसवला, आणि जेट एक नंबर मोठा केला, कारण इथेनॉल मिसळलं की मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं.

दाजी : गंमत बघ. माझं गाव इंदापूर तालुक्यात. वालचंदनगरचा साखर कारखाना वालचंदांचा, आणि तुझी गाडी बनवणारी कंपनीही वालचंदांचीच. ज्या उसाच्या जिवावर आमची घरं उभी राहिली, तोच आता तुझा जेट बुजवतोय.

आबा : घरचंच दुखणं म्हणायचं.

सुटा भाग कुठून येतो?

दाजी : आता माझा हुकमी एक्का. अँबॅसिडर १९५०च्या दशकाच्या शेवटी निघाली ती २०१४पर्यंत बनत होती. इंग्लंडमध्ये तिची मूळ मॉरिस तीन-चार वर्षांत बंद पडली; इथे अर्धशतकाहून जास्त चालली. तेव्हा आपण सगळे शिव्या देत होतो: जाळी बदलतात, दिवे बदलतात आणि नवं मॉडेल म्हणून विकतात. पण त्या आळसामुळेच आज १९७७च्या गाडीला पुढच्या दहा-वीस वर्षांत बनलेला कितीतरी माल बसतो.

आबा : पद्मिनीचंही तेच. इटलीत ११००डी साठच्या दशकातच संपली. कुर्ल्यात तीच गाडी जुजबी फरकाने साधारण २०००पर्यंत निघत राहिली. लायसन्स राजने गिऱ्हाइकाला छळलं आणि आमच्यासारख्या हौशी म्हाताऱ्यांची सोय करून ठेवली.

दाजी : म्हणजे एकमत?

आबा : अर्धं. तुम्ही म्हणता गाडी खूप वर्षं बनली म्हणून भाग मिळतात. मी म्हणतो, नाही. गाडी बनायची थांबल्यावर कंपनीचा माल काही वर्षांत संपतो. त्यानंतर भाग बनत राहिले, कारण कोणीतरी ते रोज झिजवत होतं. तो कोण? टॅक्सीवाला. मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर पळत होत्या. क्लचप्लेट, पाटे, गिअरचे बुश, कार्बोरेटरचे किट, सगळ्याला रोजचं गिऱ्हाईक होतं. म्हणून छोटे कारखाने ते बनवत होते, आणि म्हणून नाना पेठेत मला ते मिळत होते. आपण महिन्याला एक फेरी मारणारे हौशी. आपल्यासाठी कोणी साचा लावत नाही.

दाजी : आणि माझ्यासाठी कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सी.

आबा : तेच. आता हिशेब बघा. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३मध्ये नोंदली गेली होती. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत एकही नाही. कोलकात्यात पंधरा वर्षांची मर्यादा, आणि गाडी बनायची २०१४ला थांबली. पुढचं गणित तुम्ही सरकारी माणूस, तुम्हीच करा.

दाजी : म्हणजे पुढच्या काही वर्षांत माझाही टॅक्सीवाला जाणार.

आबा : गेला की नाना पेठेत एकच उत्तर मिळेल: ‘आता येत नाही.’ मला ते मिळायला लागलंय. रविवारी जुन्या बाजारात फेरी मारतो, तिथे निघतो तो वापरलेला माल. माप घ्यावं लागतं, घासून बसवावा लागतो. कुर्ल्याच्या भंगारात अजून खजिना आहे, पण तो तोडलेल्या टॅक्सींचा. तोही एकदा संपेल.

दाजी : मी उगाच समजत होतो, की माझी गाडी तिच्या दणकटपणामुळे टिकली. तुझं म्हणणं, ती कोलकात्यातल्या कुठल्या तरी सरदारजीने टिकवली.

आबा : दोन्ही. दणकट होती म्हणून त्याने घेतली. त्याने घेतली म्हणून तुम्हाला टाय रॉड मिळाला.

अस्सल ठेवायची की चालती?

दाजी : मग माझा उपाय ऐक. नव्वदच्या दशकात अँबॅसिडरला इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आलं. ७५ हॉर्सपॉवर, पाच गिअर, तेही खाली. तसं एक इंजिन-गिअरबॉक्स बघून ठेवलंय. आरटीओची रीतसर परवानगी काढायची, आरसीवर नोंद करून घ्यायची, पुढे डिस्क ब्रेक लावायचे. तेलाचा डाग नाही, हँडगिअर नाही.

आबा : आणि मग ती १९७७ची मार्क थ्री राहणार नाही. बाहेरून म्हातारी, आतून दुसरीच. त्यापेक्षा नवी मोटार घ्या, स्वस्त पडेल.

दाजी : आणि तू काय करणार? पद्मिनीला पन्नास वर्षं झाली. २०२१च्या नियमाप्रमाणे ती आता व्हिंटेज. वीस हजार भर, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घे, दहा वर्षांची निश्चिंती.

आबा : तोच विचार चाललाय. साध्या नोंदणीत दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर. नियम उद्या आणखी कडक होतील. व्हीए नंबर म्हणजे सरकारनेच मान्य केलं, की ही गाडी भंगार नव्हे.

दाजी : अट वाचलीस का? रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला, एवढ्यासाठीच बाहेर. तू टूलरूमचा माणूस आहेस, तूच सांग: उभ्या गाडीचं काय होतं?

आबा : सील सुकतात. ब्रेक सिलिंडरचे रबर चिकटतात. क्लचप्लेट धरून बसते. टायर एका जागी चपटे होतात. पेट्रोलचं तर मघाशी बोललोच.

दाजी : आणि मघाशी तूच म्हणालास, की भाग बनतात ते झिजवणाऱ्यामुळे. टॅक्सीवाला गेला. आता झिजवणारे आपणच. आपण दोघांनी गाड्या काचेत ठेवल्या, तर त्या छोट्या कारखानदाराने साचा कोणासाठी जपून ठेवायचा?

आबा : (थोडं थांबून) हे मात्र पटलं. सौदा करू. तुम्ही इसुझूचं इंजिन सोडा, मी व्हीए नंबर सोडतो.

दाजी : आणि माझे गिअरचे बुश? आता कुठेच मिळत नाहीत.

आबा : धायरीला मित्राचं वर्कशॉप आहे. जुन्या बुशचं माप घेऊन मी लेथवर काढून देतो, तुमच्या कंपनीने दिले होते त्याहून चांगले. पण एका गाडीसाठी मशीन सेट करणं परवडत नाही. किमान वीस सेट काढावे लागतील.

दाजी : म्हणजे वीस अँबॅसिडरवाले हवेत. सोपं आहे. रोज सकाळी सातारा रस्त्याने गाडी नेली, की सिग्नलला कोणी ना कोणी काच खाली करून ‘आमच्या मामांकडे पण होती’ म्हणतोच. त्यातल्या ज्यांच्या मामांकडे अजून आहे, त्यांचे नंबर घेतो.

आबा : माझ्या फियाटवाल्यांचंही बघावं लागेल. त्यांच्या गाड्या चकचकीत आहेत, पण सगळ्या कव्हरखाली. आधी त्यांना रस्त्यावर काढतो, मग त्यांचे बुश झिजतील, आणि मग ते माझ्याकडे येतील.